वंशावळ राजाची असो की रोजंदाराची, कागद दाखवा!

अलीकडे गावोगावी एक नवी हौस दिसते. लग्नपत्रिकेवर, समाजाच्या स्मरणिकेत, चौकातल्या फलकावर कोणी ना कोणी स्वतःला राजघराण्याचा वंशज म्हणवून घेतो. कोणी यादवांचा, कोणी परमारांचा, कोणी गोंडराजांचा, तर कोणी नागराजाचा. ही हवा आपल्या वस्त्यांतही आली आहे. तरुण मुले छापील वंशावळी घेऊन येतात आणि आम्हाला विचारतात, “हे खरे आहे का?”

आम्ही पोटापाण्याने कारकून. आमचे आयुष्य गेले ते अर्जाला जोडलेले कागद तपासण्यात. तेव्हा या प्रश्नाकडे आम्ही कारकुनाच्याच नजरेने पाहणार. दावा कोणता? त्याला पुरावा कोणता? पुरावा त्या काळचा की मागाहून केलेला? एवढे तीन प्रश्न विचारले की पुष्कळ काम होते.

आधी आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. गोंदियाजवळच्या नागरा गावातील एखाद्या मजुराच्या मुलीला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीची पडताळणी करावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा आणा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद आणा, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करा. आजोबा शाळेची पायरीच चढले नसतील तर काय करायचे? पणजोबाच्या नावात एका अक्षराचा फरक पडला की फाईल परत येते. मुलीचा बाप रोजी बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा एक कागद मिळवताना गरिबाच्या नाकी नऊ येतात.

आणि आठशे वर्षांपूर्वीच्या राजाचा वंशज म्हणवणाऱ्याला कोण काय विचारते? त्याला शाल-श्रीफळ मिळते! आमचे म्हणणे इतकेच की नियम सर्वांना सारखा असावा. गरिबाच्या वंशावळीला जो नियम, तोच राजाच्या वंशावळीला.

देऊळ, प्रधान आणि यादवांची यादी

नागऱ्याला जुने शिवमंदिर आहे. शिवरात्रीला तेथे गर्दी लोटते. दगडी बांधकामाचे जुने देऊळ दिसले की आपल्याकडे लोक त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान होता. परंतु महाराष्ट्रातले प्रत्येक दगडी देऊळ काही त्याने बांधलेले नाही. ‘हेमाडपंती’ हे बांधणीच्या एका पद्धतीला पडलेले नाव आहे. त्या नावावरून देऊळ कोणी बांधले हे सिद्ध होत नाही. माणसांच्या घराण्यांचेही असेच आहे. नाव हा धागा असतो, पुरावा नव्हे.

याच हेमाद्रीने आपल्या ग्रंथात धन्याची, म्हणजे यादव राजांची, वंशावळ दिली आहे. ती चंद्रापासून सुरू होते. पुढे यदू येतो, श्रीकृष्ण येतो आणि मग देवगिरीचे राजे येतात. ही यादी खरी मानायची की खोटी? अभ्यासकांनी तिचे दोन भाग केले. खालच्या भागातले राजे इतर पुराव्यांशी ताडून पाहता येतात. संगमनेरचा इ.स. १००० चा आणि वसईचा इ.स. १०६९ चा असे यादवांचे ताम्रपट आहेत. आपल्या रामटेकच्या मंदिरात रामचंद्र यादवाच्या काळचा शिलालेख आहे. म्हणून नवव्या शतकानंतरची साखळी बरीचशी पक्की ठरते. वरचा भाग पुराणातून घेतलेला आहे. त्याला त्या काळचा एकही कागद किंवा दगड नाही. म्हणजे एकाच यादीचा खालचा मजला पक्क्या विटांचा आणि वरचा नुसता रंगवलेला.

यादवांचे राज्य १३१८ मध्ये हरपालदेवाच्या वधाबरोबर संपले. सिंदखेडच्या जाधव घराण्याला त्यांचे वंशज मानतात. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव याच घराण्यातले. १६२९ साली निजामशाही दरबारात त्यांचा खून झाला. देवगिरीचा अस्त आणि लखुजींचा उदय यांच्यामध्ये अडीचशेहून अधिक वर्षे आहेत. दाव्याची खरी कसोटी नेहमी अशा मधल्या काळात लागते. वरचे टोक राजाचे, खालचे टोक सरदाराचे, पण मधल्या दहा पिढ्यांची नावे कोणत्या कागदावर आहेत? आडनाव जुळले म्हणून रक्त जुळते असे नाही. राज्य गेल्यावर राजाचे नाव त्याच्या चाकरांनी, गावांनी आणि शेजाऱ्यांनीही लावलेले असते.

वंशावळ मागाहून वाढते

आपल्या भागात पोवार समाज मोठा आहे. शेताला शेत लागून असलेले हे आपले शेजारी. ते आपले मूळ माळव्यातल्या धारचे सांगतात. भोजराजाचे परमार घराणे ते आपले मानतात. त्यांच्या भाटांच्या पोथ्यांत कुळांची नावे आहेत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथातही हे लोक माळव्याकडून नगरधन-रामटेक भागात आणि पुढे वैनगंगेच्या खोऱ्यात आल्याची परंपरा नोंदली आहे. परमार सत्तेचा विदर्भाशी संबंध होता हेही खरे. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावला जगद्देव परमाराच्या काळचा १११२ चा शिलालेख आहे. म्हणजे एक समाज एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात आला, ही गोष्ट पटण्यासारखी आहे. परंतु आजचे एखादे विशिष्ट कुटुंब भोजराजाच्याच पोटचे, हा वेगळा दावा झाला. त्याला वेगळा पुरावा लागेल. समाजाचे स्थलांतर आणि कुटुंबाचा राजवंश या दोन गोष्टी आपण नेहमी एकत्र करतो. तिथेच घोटाळा होतो.

आणि परमार राजे स्वतः आपले मूळ काय सांगत होते? त्यांचा जुना ताम्रपट गुजरातेत हरसोल येथे मिळाला. तो इ.स. ९४९ चा, सीयक राजाचा. त्यात राष्ट्रकूट राजांची नावे सांगून त्यांच्या कुळाशी संबंध जोडला आहे. अग्निकुंडातून जन्म झाल्याची गोष्ट तेथे नाही. ती पुढे इ.स. १००५ च्या सुमारास दरबारी कवी पद्मगुप्ताच्या काव्यात येते. त्यानंतरच्या काळातला, इ.स. ११०४ चा शिलालेख नागपूरच्या अजब बंगल्यात आहे. त्यात अबूच्या पहाडावर वसिष्ठाच्या अग्नीतून मूळ पुरुष जन्मल्याची कथा दगडात कोरली गेली. दीडशे वर्षांत काय झाले? राष्ट्रकूट पडले होते. त्यांचे नाव सांगून आता उपयोग नव्हता. परमार स्वतंत्र आणि मोठे झाले होते. मोठ्या राजाला मोठा पूर्वज लागतो, मग कवी तो पुरवतो. आमच्या कचेरीच्या भाषेत बोलायचे तर मूळ अर्जात नसलेली बाब मागाहून जोडली गेली! म्हणून पहिला नियम असा : दोन कागदांत फरक असेल तर जुन्या कागदाचे आधी ऐका.

१६६७ आणि १६७४

गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट, त्याच्या पलीकडे मंडला. तेथे रामनगरला गढा-मंडल्याचा गोंड राजा हृदयशहा याने इ.स. १६६७ मध्ये संस्कृत शिलालेख कोरवला. त्यात यादवराय नावाच्या मूळ पुरुषापासून पन्नासवर राजांची नावे ओळीने आहेत. प्रसिद्ध राजा संग्रामशहा त्यात अठ्ठेचाळिसावा येतो. यादी वाचून डोळे दिपतात. पण ज्या काळी या यादीतले कितीतरी राजे राज्य करीत असले पाहिजेत, त्या काळी जबलपूर भागात त्रिपुरीचे कलचुरी राजे होते. त्यांचे ताम्रपट, शिलालेख, नाणी सगळे सापडते. एका गादीवर दोन राजे कसे बसतील? आणखी एक गंमत पाहा. संग्रामशहाच्या सोन्याच्या नाण्यावर त्याने स्वतःला पुलस्त्यवंशी म्हटले आहे. पुलस्त्य म्हणजे रावणाचा आजोबा. खुद्द राजाने आपल्या नाण्यावर एक कुळ सांगावे आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच्या वंशजाने यादवरायापासून लांबलचक यादी दगडावर कोरवावी, यात विश्वास कोणावर ठेवायचा? आम्ही तर नाण्यावर ठेवू.

संग्रामशहा खोटा नव्हता. त्याची सून राणी दुर्गावती १५६४ साली मोगल फौजेशी लढताना पडली, तेही खोटे नव्हे. गोंडांचे राज्य, त्यांचे किल्ले, त्यांचे शौर्य खरे आहे. त्याला यादवरायाच्या आधाराची गरजच नव्हती.

रामनगरच्या शिलालेखानंतर सातच वर्षांनी, ६ जून १६७४ ला, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तेव्हाही कुळाचा प्रश्न पुढे केला गेला. काशीचे गागाभट्ट आले. भोसले चितोडच्या सिसोदियांचे वंशज, म्हणून क्षत्रिय, असे ठरले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी महाराजांची मुंज लावण्यात आली आणि मग अभिषेक झाला. सिसोदिया संबंधाची गोष्ट त्याच वेळी पहिल्यांदा निघाली असे नाही. शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथातही ती आहे. पण कागदोपत्री बळकट साखळी मालोजीराजे, फार तर त्यांचे वडील बाबाजी, येथपर्यंत जाते. तिथून चितोडपर्यंतच्या पिढ्यांबद्दल विद्वानांत एकमत नाही. जदुनाथ सरकारांनी ती वंशावळ नाकारली. चिं. वि. वैद्यांनी तिचा पुरस्कार केला. मुधोळच्या घोरपड्यांकडची फर्माने एका बाजूने पुढे केली जातात, दुसरी बाजू त्या फर्मानांच्या खरेपणावर शंका घेते. रा. चिं. ढेरे यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात भोसल्यांचे मूळ दक्षिणेकडच्या होयसळांशी जोडले.

वाद विद्वानांनी खुशाल घालावा. आम्हाला त्यात वेगळेच दिसते. ज्याने किल्ले जिंकले, आरमार उभारले, रयतेला धीर दिला, त्या पुरुषाला राजा होण्यासाठी चितोडचा दाखला लागावा? दाखला मागणारा कोण होता आणि देणारा कोण होता? जोतीराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा रचला तो शेतकऱ्यांचा राजा म्हणून. तेथे सिसोदियांच्या शिक्क्याची गरज पडली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात या राज्याभिषेकाच्या वादाची सविस्तर चर्चा केली आहे. कोणाची मुंज करायची आणि कोणाची नाही हे ठरवण्याचा अधिकार एका वर्गाच्या हातात राहिला, आणि त्या अधिकारावरून माणसाची पायरी ठरली, हा त्यांचा मुद्दा आहे. म्हणजे राजवंशाचा दाखला हा नुसता इतिहासाचा कागद नव्हता. तो वरच्या वर्णाचा परवाना होता. ज्याला परवाना हवा त्याला परवाना देणाऱ्यापुढे वाकावे लागे. राजाही त्यातून सुटला नाही. १८९९ मध्ये कोल्हापूरला खुद्द शाहू महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारले गेले ना!

रक्त की दत्तकपत्र?

वंशज म्हणजे रक्ताचा, असे आपण धरून चालतो. राजघराण्यांत तसे नेहमी नसते. शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. बडोद्याचे सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळराव. १८७५ मध्ये ते दत्तक गेले. आपला भाग ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यांचे तिसरे रघुजी हे दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र. तेही दत्तक घेतलेले. १८५३ मध्ये ते वारसाविना वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले.

सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्यांना निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांचा गौरव केला. हे दोघे आपल्या मनात राजे झाले ते या कामांनी. गादीच्या मूळ पुरुषाचे रक्त त्यांच्या अंगात किती होते, हे कोणी विचारीत नाही आणि विचारूही नये.

थोडा हिशेब करू. आपल्याला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या वर आठ. असे वीस पिढ्या, म्हणजे सुमारे पाचशे वर्षे, मागे गेले तर १०,४८,५७६ जागा होतात. त्यांत तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात हे खरे, तरी आकडा मोठाच राहतो. राजवंशाची वंशावळ या लाखो जागांतून फक्त बापाच्या बापाची एकच ओळ उचलते आणि बाकीच्यांना पुसून टाकते. पुसल्या जातात त्या बहुतेक आया. भगिनींनी हे ध्यानात घ्यावे. आपल्या नगरधनहून, म्हणजे जुन्या नंदिवर्धनहून, ताम्रपट देणारी वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने त्यात आपल्या माहेरची, गुप्तांची वंशावळ दिली. अशा स्त्रिया इतिहासात थोड्याच.

आता विज्ञानानेही हे तपासता येते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला. २०१२ साली लेस्टर शहरात त्याची हाडे सापडली. आईकडून येणारी जनुकीय खूण त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळली. पण बापाकडून येणारी खूण, कागदोपत्री त्याच मूळ पुरुषापासून आलेल्या आजच्या उमराव घराण्यातल्या पुरुषांशी जुळली नाही. म्हणजे इतक्या जपून ठेवलेल्या वंशावळीतही कुठेतरी कडी तुटलेली निघाली. हे २०१४ मध्ये जाहीर झाले. इंग्लंडातल्या उमरावांची ही कथा, तर आपल्या चौकातल्या फलकाचे काय?

आपलेही दावे तपासू

दुसऱ्यांचे तपासायचे आणि आपले झाकायचे, हे आम्हाला मान्य नाही. नागरा, नागपूर, नाग नदी, अशा नावांवरून आपल्यातले काही जण थेट एखाद्या नागराजाचे नाव घेऊन ‘आम्ही त्याचे वंशज’ म्हणतात. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरच्या भाषणात नाग लोकांनी धम्माच्या प्रसारासाठी केलेल्या कार्याचे स्मरण करून दिले. ते नाग लोकांबद्दल बोलले. कोणाच्या घरची वंशावळ त्यांनी लिहून दिली नाही. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते जर्मन कवी गटेच्या वचनाचा आधार घेऊन सांगतात की इतिहासकाराने खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित वेगवेगळे ठेवले पाहिजे. आपण त्यांचे अनुयायी. मग आपण अनिश्चिताला निश्चित म्हणून पत्रिकेवर कसे छापायचे?

तपासायचे कसे?

कोणी वंशावळ आणून दाखवली तर एवढे पाहावे :

वरून खाली येऊ नका, खालून वर जा. राजापासून सुरुवात केली की वाट पाहिजे तिकडे वळवता येते. आपल्यापासून सुरुवात करून बाप, आजोबा, पणजोबा असे चढावे. प्रत्येक पायरीला त्या काळचा कागद मागावा. जेथे कागद संपतो तेथे रेघ ओढावी. रेघेच्या वरचे ते ऐकीव.

वर्षांचा मेळ घाला. एका पिढीला साधारण पंचवीस-तीस वर्षे धरा. तीनशे वर्षांत चारच पिढ्या असतील किंवा वीस असतील, तर काही तरी चुकले आहे.

ताम्रपट किंवा फर्मान आहे म्हणून भुलू नका. बनावट ताम्रपट मध्ययुगातही होत होते. फ्लीटसारख्या अभ्यासकाने त्यांची यादीच केली. लिपी सांगितलेल्या काळाची आहे का, तिथी आणि वार जुळतात का, मागाहून झालेल्या राजाचे नाव आधीच आले आहे का, शिक्का कोणाचा, हे जाणकारांकडून पाहून घ्यावे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनामदारांच्या सनदा तपासल्या. कारण जेथे जमीन मिळते तेथे कागदही तयार होतात.

आणि विचारा, ही वंशावळ कोणी, कधी व कशासाठी लिहिली? पैसे घेऊन वंशावळ करून देणारा गिऱ्हाइकाला नाराज करीत नसतो. हजार रुपये देऊन राजा होण्यापेक्षा त्या पैशात मुलांची पुस्तके येतात.

खरी वंशावळ मात्र प्रत्येक घरात हवी. आजच एक वही घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून त्यांच्या आईबापांची नावे, माहेर, गाव, धंदा लिहून घ्या. आईकडचीही लिहा. मग शाळेतला दाखल-खारीजचा उतारा, तहसिलीतले कोतवाल बुक, पटवाऱ्याकडचे जमिनीचे जुने कागद, बंदोबस्ताची मिसल यांच्याशी ताडून पाहा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्यापूर्वीच्या कागदांवर भंडारा जिल्हा असणार. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीच्या कागदांवर मध्यप्रदेश, त्याहून जुन्यांवर मध्यप्रांत असणार. हे पाहून घाबरू नका, कागद तुमचाच आहे. नक्कल मागून घ्या, एक प्रत जपून ठेवा. उद्या मुलांच्या पडताळणीला हीच वही उपयोगी पडेल.

त्या वहीत राजा सापडणार नाही. कोणी विडीच्या कारखान्यात खपलेला सापडेल, कोणी रोवणीला वाकलेली सापडेल, कोणी १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर गेलेला सापडेल, कोणी पहिल्यांदा शाळेत नाव घातलेली सापडेल. पण जो सापडेल तो पुराव्यानिशी आपला असेल.

बौद्ध परंपरेत एक कथा आहे. भगवान बुद्ध कपिलवस्तूत आले आणि घरोघर भिक्षेला निघाले. राजा शुद्धोदनाला लाज वाटली. आपल्या राजवंशात कोणी भीक मागितली नाही, असे तो म्हणाला. तेव्हा भगवंतांनी उत्तर दिले की तो वंश तुमचा, माझा वंश बुद्धांचा. शाक्य राजाच्या पोटी जन्मलेल्या पुत्राने राजवंशाचा दाखला असा परत केला. आपण तो कशासाठी मागत फिरावे?